सूट कोणाला, सबब कोणाची

मुंबईत ओल्या कचऱ्याच्या नियमातून सूट मिळवायला अर्ज करावाच लागतो असं नाही. बऱ्याचदा नुसतं गप्प बसलं तरी काम भागतं. नियम आहे, मुदत आहे, नोटीस आहे, दंडाची तरतूदही आहे. तरी कोणत्या इमारतीला हे सगळं लागू आहे आणि कोणाला त्यातून वगळलंय, असं एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून विचारलं, तर उत्तर प्रत्येक दारात वेगळं मिळेल. गिरगावातल्या फणसवाडीत तर एकाच गल्लीत तीन उत्तरं मिळतात. शंभरी गाठत आलेल्या चाळीत ‘आमच्याकडे जागा कुठाय?’, शेजारच्या नव्या टॉवरमध्ये ‘मशीन आहे, पण बंद आहे’ आणि पत्रे ठोकलेल्या प्लॉटवर ‘रिडेव्हलपमेंट झालं की बघू’.

सूट देणं मुळात वाईट नाही. जो नियम सगळ्यांवर सारखाच लादायला जातो तो बहुधा कोणालाच लागू होत नाही. प्रश्न एवढाच की सूट कोण देतं, कशाच्या आधारावर, किती दिवसांसाठी, आणि ती दिली हे शेजाऱ्याला कळतं का. या चार कसोट्यांवर गेल्या दहा वर्षांचा हिशेब मांडला, तर चित्र फारसं चांगलं दिसत नाही.

सुरुवात कायद्यापासून करू. केंद्र सरकारचे घनकचरा व्यवस्थापन नियम ८ एप्रिल २०१६ रोजी आले आणि त्यांनी २००० सालच्या जुन्या नियमांची जागा घेतली. दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारी कुठलीही आस्थापना ‘मोठी कचरानिर्माती’ ठरली. मग ती सोसायटी असो, हॉटेल असो, बाजार असो की सरकारी कचेरी. पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या कुंपणबंद वसाहतींनी वर्षभरात कचरा वेगळा करावा आणि ओल्या कचऱ्याचं खत किंवा गॅस आपल्याच आवारात करावा, असं त्यात सांगितलं. मात्र त्याच वाक्यात चार शब्दांची एक फट ठेवली: ‘जितके शक्य असेल तितके’. शक्य काय आणि अशक्य काय हे ठरवायचं कोणी, कोणत्या मोजपट्टीने, याबद्दल नियम मौन पाळून होता. पुढच्या सगळ्या सवलती, मुदतवाढी आणि पळवाटा याच फटीतून निघाल्या.

नियमाला त्या वर्षी जोर चढायला कारणही होतं. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या कचराभूमीला आग लागली आणि धूर कित्येक दिवस शहरावर राहिला. १९२७ पासून मुंबई तिथे कचरा टाकत आलेली. फेब्रुवारीच्या शेवटी उच्च न्यायालयाने मुंबईत नव्या बांधकामांना परवानग्या देण्यावर बंदी घातली. कचऱ्याची सोय नाही, तर नवी घरं कशाच्या जोरावर बांधता, असा तो सरळ सवाल होता. त्या आदेशातूनही जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला वगळलं होतं, म्हणजे गिरगावला तिथेही सूट मिळाली. दोन वर्षांनी, मार्च २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून ही बंदी सैल केली. त्याच वर्षी मुलुंडची कचराभूमी बंद झाली आणि शहराचा बहुतांश भार कांजूरमार्गवर आला. त्या जागेवरचा वादही संपलेला नाही. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तिथली जवळजवळ १२० हेक्टर जमीन संरक्षित वन ठरवली आणि काही महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. फणसवाडीतला भाजीचा देठ रोज ज्या ठिकाणी जातो, त्याचा पत्ता असा कोर्टाच्या तारखांवर टांगलेला आहे.

देवनारच्या धुरानंतर दीड वर्षाने महापालिकेने नियम मनावर घेतला. आयुक्त अजोय मेहता यांच्या काळात, २०१७ च्या पावसाळ्यात, घोषणा झाली: २० हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांचा ओला कचरा २ ऑक्टोबरपासून पालिका उचलणार नाही. ज्याने त्याने आपल्या आवारात जिरवावा. गांधीजयंतीचा मुहूर्त साधलेला होता. मोठ्या कचरानिर्मात्यांचा आकडा तेव्हा पाच हजारांच्या वर सांगितला जात होता.

केंद्राच्या नियमात वसाहतींसाठी पाच हजार चौरस मीटर होते, पालिकेच्या घोषणेत वीस हजार झाले. मोजायचं क्षेत्र कोणतं, यावर वाद घालता येईल. परिणाम मात्र स्पष्ट आहे: मधल्या आकाराच्या कितीतरी सोसायट्या क्षेत्रफळाच्या कसोटीतून एका फटक्यात बाहेर गेल्या. त्यांच्यासाठी उरली वजनाची कसोटी, आणि वजन करणार कोण? गल्लीतल्या कॉम्पॅक्टरला काटा नसतो. इमारतीचा कचरा १०० किलो आहे की ९५, हे मुकादमाच्या अंदाजावर आणि सेक्रेटरीच्या बोलण्यावर ठरतं. पुढे पडताळणी होत गेली तसा मोठ्या कचरानिर्मात्यांचा आकडाही बराच खाली आला. काही नावं यादीत चुकून आली होती, हे खरं. पण यादीतून नाव गळणं हीसुद्धा एक सूटच, आणि तिच्यासाठी ना अर्ज लागतो ना आदेश.

२ ऑक्टोबर जवळ आला तशी ओरड सुरू झाली. नगरसेवक चिडले, रहिवासी संघ चिडले. कर भरतो तो कशासाठी, हा सवाल सभागृहात आणि सोसायट्यांच्या बैठकांत एकाच सुरात निघाला. त्या सवालात तथ्य नव्हतं असं नाही. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यानुसार सफाई आणि कचरा उचलणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, तिने मनात आलं तर करायचं असं ते काम नाही. शेवटी तडजोड झाली. लेखी हमी द्या, काम सुरू करतो असं कबूल करा आणि तीन महिन्यांपर्यंत मुदतवाढ घ्या. हमीपत्रांचा ढीग पडला. डिसेंबर गेला, नवं वर्ष लागलं, नोटिसा निघाल्या, काही प्रकरणं कोर्टातही गेली. कचरा उचलणं मात्र सरसकट कधीच थांबलं नाही. थांबवलं असतं तर तो फुटपाथवर आला असता, हे पालिकेला ठाऊक होतं आणि सोसायट्यांनाही ठाऊक होतं. ज्या धमकीचा पहिला त्रास धमकावणाऱ्यालाच होणार, ती कोण मनावर घेईल?

मुदतवाढ ही आपल्याकडची सर्वांत लोकप्रिय सूट आहे. तिच्यात कोणी कोणाला नाही म्हणत नाही. अधिकाऱ्याच्या फाइलवर ‘कार्यवाही सुरू’ असा शेरा येतो आणि सोसायटीला वर्ष मिळतं. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, खतासाठी येणारी माणसं येईनाशी झाली, कित्येक ठिकाणचे खड्डे सुकले नि मशीन झाकली गेली. ती झाकणं अजून सगळ्यांनी काढलेली नाहीत.

आता फणसवाडीकडे येऊ, कारण इथे ‘जागा नाही’ ही सबब नसून वस्तुस्थिती आहे. ठाकूरद्वार, चिराबाजार, झावबावाडी, मुगभाट, कांदेवाडी या पट्ट्यातल्या चाळी एकमेकींना खेटून उभ्या आहेत. दोन इमारतींमधली मोकळी जागा म्हणजे हाऊसगल्ली: पाइप, घुशी आणि वरून पडलेला कचरा. बेटावरच्या मुंबईत उपकरप्राप्त, म्हणजे सेसच्या, इमारती १४ हजारांच्या आसपास आहेत आणि गिरगाव हा त्यांचा जुना बालेकिल्ला. अशा चाळीला अंगण नाही, गच्ची असली तरी ती टाक्यांनी आणि पत्र्यांनी भरलेली किंवा गळती थांबवायला डांबर फासलेली. शंभर किलो कचऱ्याचं खत करायचं तर तो महिना-दीड महिना कुठेतरी पडून राहावा लागतो, वर भुसा लागतो, सुका पाला लागतो, झाकायला छप्पर लागतं, पाणी निथळायला उतार लागतो. चिराबाजारात सुका पाला आणायचा कुठून? गल्लीतलं एकुलतं पिंपळाचं झाड पानं गाळतं तेव्हा ती गाड्यांच्या टपावर पडतात.

हिशेब करून बघू. मुंबईत माणशी रोज अर्धा किलोच्या आसपास कचरा होतो. चार-पाच माणसांच्या बिऱ्हाडाचा दोन-अडीच किलो धरला, तर ४० ते ५० खोल्यांची चाळ १०० किलोची रेषा ओलांडते. गिरगावात अशा चाळी डझनांनी सापडतील. म्हणजे नियमाच्या अक्षराने त्या ‘मोठ्या कचरानिर्मात्या’ आहेत. पण नोटीस काढायची कोणाच्या नावाने? चाळीला घरमालक आहे, सोसायटी नाही. पागडीचं भाडं इतकं क्षुल्लक की मालकाला इमारतीत रस नाही. त्याचं लक्ष बिल्डरकडे लागलेलं. भाडेकरूंचं मंडळ असेल तर ते गणपती बसवतं, पाण्याच्या मोटरचे पैसे गोळा करतं. कायद्याच्या लेखी ते कोणीच नाही. दुरुस्ती मंडळ खांबाला टेकू लावून देतं, खताच्या खड्ड्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे चाळीला सूट मिळते ती तिची अडचण कोणी तपासली म्हणून नव्हे. नोटीस घेणारा हात सापडत नाही म्हणून.

आणि बरोबर उलटं चित्र शेजारी. विकास नियंत्रण नियमावलीच्या कलम ३३(७) खाली चाळ पाडून उभा राहिलेला टॉवर. खाली भाडेकरूंची घरं, वर विक्रीचे फ्लॅट, पोटात सात-आठ मजले गाड्यांचे. अशा इमारतीच्या परवानगीत ओल्या कचऱ्याची सोय ही अट असते. गेली वीसेक वर्षं मुंबईच्या मोठ्या इमारतींच्या परवानग्यांत गांडूळखताच्या खड्ड्याचा उल्लेख येत आलेला आहे. नकाशात खड्डा असतो, भोगवटा प्रमाणपत्र घेतानाही तो दिसतो. मग दोन-तीन वर्षांनी जाऊन बघावं तर तिथे स्कूटर लावलेल्या, जनरेटर ठेवलेला किंवा वॉचमनची खोली बांधलेली. पालिकेने अशा सोसायट्यांना नगररचना कायद्याखाली नोटिसाही काढल्या, कारण मंजूर नकाशातली जागा दुसऱ्या कामाला वापरणं हा वेगळा गुन्हा आहे. मला या दोन इमारतींतला फरक फार महत्त्वाचा वाटतो. एकीला कधीच जागा नव्हती. दुसरीला जागा दिली होती आणि तिने ती गिळली. विभाग कार्यालयाच्या तक्त्यात मात्र दोघी एकाच रकान्यात बसतात: ‘प्रक्रिया होत नाही’.

सोसायट्या सुटीसाठी जी कारणं देतात त्यांची एकदा नीट झडती घ्यायला हवी. वासाचं कारण अर्धसत्य आहे. ओल्या कचऱ्यात पाणी जास्त आणि कोरडं कमी झालं, हवा खेळली नाही, की तो कुजून वास मारतो. भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा भुगा पुरेसा टाकला आणि ढीग वेळेवर खालीवर केला तर मातीसारखा वास येतो. म्हणजे वास हा माणूस न नेमल्याचा परिणाम आहे. खर्चाचं कारण खरं, पण टॉवरच्या लॉबीतला संगमरवर पाहिल्यावर ते ऐकायला जड जातं. घुशींचं कारण गिरगावात कोणी नाकारू शकत नाही. राहता राहिलं ‘पुनर्विकास होणार आहे’ हे. त्याचं वय पाहावं. काही चाळी हे वाक्य पंधरा-पंधरा वर्षं म्हणत आल्या आहेत. तेवढ्या काळात शेवग्याचं झाड लावून त्याच्या शेंगा खाऊन झाल्या असत्या.

मशीनबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. ‘चोवीस तासांत खत’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या बहुतेक यंत्रांत कचरा तापवून सुकवला जातो. बाहेर पडते ती तपकिरी भुकटी, दिसायला खतासारखीच. ती ओली करून आठ दिवस ठेवा, पुन्हा कुजायला लागते. कचरा बारीक करून भुसा आणि जिवाणूंची पूड मिसळणारी दुसऱ्या जातीची यंत्रं प्रामाणिक आहेत, पण त्यांचा माल पुढे दहा-पंधरा दिवस जाळीच्या क्रेटमध्ये मुरावा लागतो, आणि क्रेटांना पुन्हा जागा लागते. ज्या सोसायटीने सुकवणारं यंत्र घेतलं ती कागदावर नियम पाळते, वीज जाळते आणि भुकटी शेवटी पालिकेच्याच गाडीत टाकते. हीसुद्धा एक सूट, फक्त महाग.

जागेच्या अडचणीतूनही काम होतं, याची उदाहरणं मराठी माणसांनीच घालून दिलेली आहेत. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळं-भाज्यांची बाग उभी केली. गोदीच्या परिसरात, काँक्रीटच्या छतावर. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हा बायोगॅसचा प्रकल्प विकसित केला. तो चालवायला ज्योती म्हापसेकर यांच्या स्त्री मुक्ती संघटनेने कचरा वेचणाऱ्या बायकांना तयार केलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या त्यांच्या ‘परिसर विकास’ उपक्रमातून कचरा वेचणारी बाई ही भिकारीण नसून कारागीर आहे, हे शहराला पहिल्यांदा दिसलं. घाटकोपरच्या जोशी लेनपासून सुरू झालेली, गल्लीने गल्ली दत्तक घेण्याची चळवळ, म्हणजे एएलएम, त्याच सुमाराची. तेव्हा ना २०१६ चे नियम होते ना मुदती. वेंगुर्ल्यात रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचराभूमीची बाग झाली. तो गाव लहान, मान्य. पण तिथे नियम पाळून घेताना सूट मागायला लोक रांगेत उभे राहिले नाहीत, कारण गाडी वेगळा केलेला कचराच उचलत होती आणि वेगळा केलेला कचरा पुढे वेगळाच राहत होता.

गिरगावातल्या घरात ही शेवटची गोष्ट सर्वांत जास्त खुपते. बाई दोन डबे ठेवतात, चौथ्या मजल्यावरून सफाईवाला दोन पिशव्या खाली नेतो आणि गाडीत त्या एकाच तोंडात जातात. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की घरातला दुसरा डबा महिन्याभरात धान्य ठेवायला जातो. नियमातून नागरिकाने स्वतःला दिलेली ही सूट आहे आणि तिच्याविरुद्ध कोणती नोटीस चालेल, मला सुचत नाही.

बाहेर काय करतात? कॅलिफोर्नियाचं उदाहरण इथे उपयोगी आहे, तिथली शहरं आपल्याहून शहाणी आहेत म्हणून नव्हे. त्यांनी सूट हा विषय नियमात लिहून काढला म्हणून. २०१६ च्या त्यांच्या कायद्याची अंमलबजावणी १ जानेवारी २०२२ पासून सुरू झाली. ओला कचरा वेगळा देणं घरांना आणि दुकानांना बंधनकारक झालं. त्यातून सुटायचे रस्ते मोजके आहेत. दुकानाचा ओला कचरा फारच थोडा असेल, मोठ्या दुकानाला आठवड्याला २० गॅलन म्हणजे साधारण ७५ लिटरपेक्षा कमी आणि लहानाला त्याच्या निम्म्याहून कमी, तर सूट. डबा ठेवायला खरोखर जागा नसेल तर सूट, पण ‘जागा नाही’ हे पालिकेच्या माणसाने, कचरा उचलणाऱ्या कंपनीने किंवा परवानाधारक वास्तुविशारद-अभियंत्याने दाखवून द्यायला हवं. आणि दर पाच वर्षांनी ती सूट पुन्हा तपासली जाते. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवरच्या गावांना उरलेल्या अन्नाच्या बाबतीत मोकळीक आहे, कारण तिथे खरकट्याच्या डब्यांवर अस्वलं येतात. गिरगावच्या घुशींना एवढा कायदेशीर मान अजून मिळालेला नाही.

ही पद्धत आदर्श आहे असं मी म्हणत नाही. कागदपत्रांचा खर्च छोट्या दुकानदाराला जड जातो. पण तिच्यात एक गोष्ट आपल्याकडे नसलेली आहे: सूट मागणाऱ्याला कारण सिद्ध करावं लागतं आणि सुटीला शेवटची तारीख असते. शिवाय तिथे जी सूट मिळते ती कचरा वेगळा डब्यात देण्यापासून, आपल्याकडे मागितली जाते ती आवारात खत करण्यापासून. या दोन गोष्टी आपण सतत एकत्र करतो. आवारात खत करणं चाळीला अशक्य असेल, पण ओलं-सुकं वेगळं करणं कोणालाच अशक्य नाही, दहा बाय दहाच्या खोलीतही. पहिल्या कामातून मिळालेली सूट दुसऱ्या कामातून आपोआप मिळाली असं गृहीत धरलं जातं, आणि सगळा घोळ तिथे होतो.

पुण्याने काठीऐवजी गाजर वापरून पाहिलं. गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांपैकी काही केलं तर मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत. मुंबईनेही २०१९ मध्ये मालमत्ता करात तशीच सवलत जाहीर केली. पण सवलत एकदा मिळाली की ती चालूच राहते, प्रकल्प चालू राहो न राहो. बंद पडलेल्या प्रकल्पांची सवलत परत घ्यायची पाळी पुणे महापालिकेवर आलीच. सूट असो की सवलत, तपासायला माणूस नसेल तर दोन्हींचा शेवट सारखाच होतो.

गिरगावसारख्या भागाला खरा उपाय आवाराबाहेर आहे, चालत जाण्याच्या अंतरावर. हाजी अलीजवळ केशवराव खाड्ये मार्गावर पालिकेचा छोटा प्रकल्प आहे. रोज दोन टन ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि गॅसपासून वीज, असा त्याचा बेत. २०२२ मध्ये तिथे विजेवरच्या गाड्यांसाठी चार्जिंगची सोयही झाली. दोन टन म्हणजे १०० किलोच्या वीस इमारती. अशी चार-पाच केंद्रं भुलेश्वर ते ग्रँट रोडच्या पट्ट्यात बसली तर ‘जागा नाही’ या कारणाची धार बरीच बोथट होईल. भुलेश्वरची फुलगल्ली, भाजीबाजार, खानावळी यांचा कचरा तसाही शुद्ध ओला असतो, त्यात वेगळं करायला फारसं काही नसतं. आणि ओला कचरा वेगळा नेणं या भागाला नवं नाही. गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या दिवसांत निर्माल्यकलश ठेवले जातात, गर्दीत चेंगरणारी माणसंही हार-फुलं समुद्राऐवजी त्यात टाकतात आणि गाडी ते खतासाठी वेगळं घेऊन जाते. लाखोंच्या गर्दीत जे जमतं ते मंगळवारी सकाळी फणसवाडीत का जमू नये? उत्तर सोपं आहे. चौपाटीवर कलश समोर असतो, त्याची गाडी ठरलेली असते आणि ती कुठे जाते ते लोकांना माहीत असतं.

नियमही आता बदलले आहेत. केंद्राने जानेवारी २०२६ मध्ये नवे घनकचरा नियम जाहीर केले, अंमल १ एप्रिल २०२६ पासून. कचऱ्याचे चार भाग: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. मोठा कचरानिर्माता ठरवायला आता तीन कसोट्या: २० हजार चौरस मीटरचं बांधकाम, दिवसाला ४० हजार लिटर पाणी किंवा १०० किलो कचरा. यातली पाण्याची कसोटी मला फार हुशारीची वाटते. माणशी १३५ लिटर धरले तर ४० हजार लिटर म्हणजे ३०० माणसं, म्हणजे साठ-पासष्ट बिऱ्हाडं, पुन्हा तशाच चाळी. फरक इतकाच की कचऱ्याचं वजन लपवता येतं, पाण्याचं बिल पालिकेकडेच असतं. यादी करायला कोणाच्या दारात जायची गरज नाही, जल विभागाचं रजिस्टर उघडलं की झालं.

आणि ‘शक्य असेल तितके’ची जागा आता एका कागदाने घेतली आहे. आवारात प्रक्रिया करता येत नसेल तर विस्तारित जबाबदारीचं प्रमाणपत्र घ्या, म्हणजे तुमच्या वाटच्या कचऱ्यावर दुसरीकडे प्रक्रिया झाली असं दाखवा. तत्त्व चांगलं आहे: सूट हवी तर तिची किंमत मोजा. पण या देशात प्रमाणपत्राचा बाजार कसा भरतो हे आपण गाड्यांच्या पीयूसीपासून पाहत आलो आहोत. कांजूरला जाणाऱ्या ढिगाऱ्यावरच कागद फाडून दिले गेले, तर टॉवर पैसे देऊन मोकळा होईल आणि ज्या चाळीकडे पैसेही नाहीत आणि सोसायटीही नाही ती पुन्हा रकान्याबाहेर राहील. २०२५ मध्ये पालिकेने कचऱ्यासाठी वापरकर्ता शुल्काचा मसुदा हरकतींसाठी मांडला, तेव्हा ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये सुचवले होते. चाळीच्या खोलीला हा आकडा लागू झाला तर भाड्यापेक्षा कचऱ्याचे पैसे जास्त, अशी वेळ गिरगावात कित्येकांवर येईल.

माझं मत असं की चाळींना सूट द्यावी, उघडपणे द्यावी आणि लेखी द्यावी. चंदनवाडीजवळच्या सी विभागाच्या कचेरीत आणि पालिकेच्या संकेतस्थळावर इमारतीचं नाव, कारण, तपासणाऱ्या अभियंत्याची सही आणि सुटीची शेवटची तारीख लागावी. ती आवारातल्या खतापुरतीच असावी, वेगळा कचरा देण्यातून कोणालाही नको. बदल्यात पालिकेने ओल्या कचऱ्याची वेगळी गाडी द्यावी, जवळचं केंद्र द्यावं. ज्या टॉवरच्या मंजूर नकाशात खड्डा आहे, त्याला कोणत्याही कारणाने सूट नसावी, मशीन बिघडलं तरी नाही. पार्किंगची लिफ्ट बिघडली तर दोन दिवसांत दुरुस्त होते.

ज्यांच्या चाळीचा विकास करारनामा अजून व्हायचा आहे, त्यांच्याशी दोन शब्द. कार्पेट क्षेत्र, कॉर्पस आणि भाड्याचे धनादेश यांवर महिनोन्‌महिने घासाघीस होते. त्याच बैठकीत बिल्डरला नकाशावर बोट ठेवून ओल्या कचऱ्याची जागा दाखवायला सांगा, ती छपराखाली आहे का, तिथे नळ आणि गटार आहे का हे विचारा, आणि ते करारात उतरल्यावरच सही करा. त्या जागेवर एकदा गाडी उभी राहिली की ती परत मिळत नाही.